दिवेलागणीनंतरचा केर

गिरीजमध्ये मला थापाड्या म्हणतात. साफ खोटं. मी खऱ्या गोष्टीला फक्त थोडं पाणी घालतो, केळीला घालतात तसं. तरी आधीच सांगून टाकतो. आमच्या केर ओढणाऱ्या यंत्राने शेजारच्या फर्डिनंडच्या घरातली फोडणी भिंतीतून ओढली आणि ते आठवडाभर कोलंबीच्या कालवणाचा वास मारत होतं, एवढं सोडलं तर पुढचं सगळं खरं आहे.

आमची सून स्वप्ना अंधेरीला नोकरी करते. ती घरी पोचेस्तोवर दिवेलागण उलटून जाते. आणि दिवा लावल्यावर केर काढायचा नाही, लक्ष्मी बाहेर जाते, हा माझ्या बायकोचा, सुभद्राचा नियम. सुभद्राच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं, तिने वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. म्हणून स्वप्ना पहाटे अंधारात उठायची, शिंकत शिंकत सगळं घर झाडायची आणि डबा भरून पळायची. रविवारी तर ती जेवताजेवता पेंगायची.

"मग तुम्ही का नाही काढत केर?" असं मला कुणी विचारलं की उत्तर सुभद्राच देते. "हे केर काढत नाहीत. त्याची जागा बदलतात."

अशात आमची लेक ऋतिका हिने फुलपाड्याहून एक व्हॅक्यूम क्लीनर धाडला. तिच्या फ्लॅटमध्ये तो ठेवायला जागा नव्हती. "वापरून बघा, नाही जमला तर विकून टाकते," म्हणाली. प्रीतमने, आमच्या मुलाने, तो स्कूटरवर पायांत धरून आणला. चाकांवर बसलेला गलेलठ्ठ डबा आणि त्याला हत्तीसारखी लांब सोंड.

रविवारी दुपारी घरभर फिरवून पाहिला. सोंड जुन्या पलंगाखाली थेट भिंतीपर्यंत गेली, माळ्याखालची जळमटंही तिने ओढली. धूळ उडेना. स्वप्नाला एकही शिंक आली नाही. पण डबा मात्र प्रत्येक उंबरठ्यावर नव्या नवरीसारखा अडायचा, आणि आमच्याकडे खोली तिथे उंबरठा. वायर माजघराच्या पुढे पोचेना. आवाज असा, की मांजर जे पळालं ते निर्मळच्या तळ्यावरच थांबलं. (बरं, आमच्या विहिरीवर थांबलं.)

"चांगलं आहे," सुभद्रा म्हणाली, "पण रोज हे धूड उंबरठ्यावरून उचलणार कोण? मी?"

"मी आणि प्रीतम फिरवू ना, आई," स्वप्ना चाचरत म्हणाली. "रात्री आल्यावर. म्हणजे सकाळी मला जरा झोपता येईल."

"दिवा लावल्यावर?" सुभद्राने मान हलवली. "नाही गं बाई. मिणमिणत्या उजेडात सोन्याचा मणी केराबरोबर उकिरड्यावर गेला, तर कळणारही नाही. सासूबाईंनी उगाच नाही नियम घातला."

"बरं, आई," एवढंच म्हणून स्वप्ना आत गेली. तिने भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी डबा उघडून सुभद्रापुढे धरला. "हे बघ. केर घराबाहेर जातोच कुठे? रात्रभर इथेच, पोटात. मग लक्ष्मी जाईल कशी?"

तिने डब्यात डोकावून पाहिलं. "एकदाच," ती म्हणाली. "आणि डबा सकाळी माझ्यासमोर उघडायचा."

सोमवारी दिवा लागल्यावर दोघांनी मिळून यंत्र फिरवलं. एक ढकलायची, दुसरा उंबरठ्यावर उचलायचा. मंगळवारी सकाळी सुभद्राने ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं. मी डबा उपडा केला. केस, लसणाची सालं, मांजराची लव, आणि मधोमध चमचम करणारी तिच्या कुडीची सोन्याची फिरकी!

"बघितलंस!" मी ओरडलो. "केरसुणी असती तर ही आत्ता केळीच्या बुंध्याशी असती!"

सुभद्राने फिरकी पदराने पुसली, उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं. "कुड्या मी दिवाळीनंतर घातलेल्याच नाहीत. ही कपाटात, डबीत होती."

"उंदरांचं काही सांगता येत नाही. एकदा आगाशीत एका उंदराने अख्खं मंगळसूत्र..."

"त्या उंदराला चहा हवा असेल तर गप्प बसायला सांगा."

मला चहा हवा होता. ती आत गेली. आता यंत्र फुलपाड्याला परत जाणार, असंच मला वाटलं. पण ती हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली आणि त्या डब्याच्या कपाळावर, म्हणजे बटणाच्या जरा वर, दोन बोटं टेकवली.

तेवढ्यात ऋतिकाचा फोन. "बाबा, मशीनला गिऱ्हाईक मिळालंय. प्रीतमला जाताना आणून द्यायला सांगा."

फोन सुभद्राने घेतला. "हळदीकुंकू लावलंय त्याला. लावलेली वस्तू परत देत नाहीत."

"आई, हा कुठला नियम?"

"आजपासूनचा."

मी खो खो हसलो. सुभद्राने डोळे वटारले आणि मधल्या खोलीच्या बंद दाराकडे बोट केलं.

"हळू. पोर झोपलीय."