बाराव्या मात्रेपर्यंत

“थांबा, थांबा! चुकलं माझं,” मी म्हणालो आणि तारांवर पंजा ठेवून आवाज बंद केला.

दादाने सॅक्सोफोन तोंडातून काढला. वळला मात्र नाही. पाठमोराच उभा राहून त्याने छताकडे पाहिलं.

“खांब्या, सकाळपासून हा पाचवा टेक. पाचही वेळा तूच माती खाल्लीस. वाजवायचं विसरलास, की वय झालं?”

“वय झालं, दादा.”

“मग तसं सांग. मी दुसरा कुणीतरी बघतो.”

दुसरा कुणी तो बघणार नव्हता. चाळीस वर्षांत त्याने मला निदान शंभर वेळा काढून टाकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून “आहेस कुठे?” असं विचारलं होतं. तो काही माझा सख्खा भाऊ नव्हे. जॅझ वाजवणाऱ्या आमच्या पाच जणांच्या बँडमध्ये तो वयाने मोठा, म्हणून दादा. माघारी सगळे त्याला भोंगा म्हणायचे, कारण त्याने सॅक्सोफोन तोंडाला लावला की रस्त्यापलीकडच्या खिडक्या उघडायच्या. मी खांब. माझा डबल बेस, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण भलंमोठं तंतुवाद्य, माझ्याहून हातभर उंच, त्याला धरून मी तासन्‌तास एका जागी उभा, म्हणून खांब. बाकीच्या तिघांतला एक मुलीकडे राहायला गेला, दोघे कायमचे गेले. उरलो आम्ही दोघे.

आम्हा दोघांचीच एक रेकॉर्ड करायची, असं दादाने मनावर घेतलं होतं. आठ रचना. सात दोन दिवसांत झाल्या. आठवी त्याची स्वतःची, लग्नाच्या वर्षी वहिनींसाठी बांधलेली. तिच्या शेवटी एकच सूर आहे, सलग बारा मात्रा. तरुणपणी दादा तो सूर चौदा-पंधरा मात्रांपर्यंत ओढायचा आणि वर वहिनींकडे बघून भुवई उडवायचा. आता त्याला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि पहिल्याच दिवशी त्याने रेकॉर्डिंगच्या बाईंना बजावलं होतं, “हा सूर बाराव्या मात्रेपर्यंत निघाला तर रेकॉर्ड. नाहीतर बाकीच्या सातही पुसून टाका.”

“जोडता येईल की,” बाई म्हणाल्या होत्या. “एका टेकमधला अर्धा, दुसऱ्यातला अर्धा. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“मला कळेल ना,” दादा म्हणाला, आणि तो विषय तिथेच मिटला.

वहिनींनी सकाळी दारातच मला गाठलं होतं. गरम पाण्याचा थर्मास माझ्या हातात देत त्या हळूच म्हणाल्या, “भावोजी, डॉक्टरांनी एक तास म्हटलंय. हे तुम्हाला तीन सांगतील. पण होऊन जाऊ दे बाई एकदाचं ते रेकॉर्डिंग. झालं नाही तर या घरात कुणाचं काही खरं नाही.”

आता खरं काय ते सांगतो. माझं काहीही चुकत नव्हतं. दादाचा दम संपत होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीचं दुखणं निघालं, तेव्हापासून मी त्याच्या उजव्या खांद्यावर नजर ठेवून वाजवतो. श्वास संपत आला की तो खांदा बोटभर वर जातो. मग दोन-तीन मात्रांत सूर तुटतो. तो तुटायच्या आत मी भलत्याच तारेवर बोट ठेवायचं, सगळं थांबवायचं आणि शिव्या खायच्या. शिव्या देताना त्याला विश्रांती मिळते. शिवाय तो रागावला की त्याच्या अंगात जोर येतो, हा चाळीस वर्षांचा अनुभव. मला तो खांदा दिसायला हवा, म्हणून मी बाईंशी भांडून आम्हा दोघांना एकाच खोलीत बसवायला लावलं होतं. “तुमच्या बेसचा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरतो हो,” असं त्या दोन दिवस कुरकुरत होत्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो.

पाचव्या टेकनंतर दादा म्हणाला, “ऐकू दे तरी मला, कुठे चुकतोय हा,” आणि हेडफोन लावून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. बाईंनी काचेमागच्या आपल्या खोलीतून टेक लावून दिला आणि त्या माझा माइक सरकवायला बाहेर आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा, बोलणं अगदी मोजकं. माइकचा स्क्रू पिळता पिळता त्या पुटपुटल्या, “पाचही वेळा तुम्ही त्याच सुरात चुकलात. दोन-तीन मात्रांचा फरक. इतकं नेमानं कुणी चुकतं का?”

“बाई, तेवढं पोटात ठेवा,” मी खाली वाकून म्हणालो. “दम पुरत नाही त्याला. खांदा वर गेला की मी चुकतो. माझं काय जातं? पण त्याचा स्वतःचा सूर तुटलेला त्याला दिसला, तर ते वाद्य पेटीत जाईल ते पुन्हा निघायचं नाही. मग तो काय करेल घरात बसून? मला तर विचारसुद्धा करवत नाही.”

बाई माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.

मी वळलो. दादा अजून भिंतीकडे तोंड करूनच बसला होता. हेडफोन कानावरच. टेक केव्हाच संपला होता, आणि मी ज्या माइकवर वाकून बोललो तो चालूच होता, थेट त्याच्या कानात. सबंध आयुष्य माइकसमोर काढलेला मी, गुपित सांगायला मला जागा सापडली ती ही.

दादाने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

“त्या दोन वर्षांत मी तुला काय काय बोललो असेन.”

“पुष्कळ.”

“चारचौघांत?”

“चारचौघांतच जास्त.”

“गाढवा,” तो म्हणाला. मी थर्मासमधलं पाणी ओतून त्याच्यापुढे धरलं. ते त्याने घेतलं, सावकाश प्यायला, आणि उठला. मला वाटलं, आता पेटी उघडणार. त्याने सॅक्सोफोनच्या तोंडाची पातळ पट्टी, ती रीड, काढून पुसली, परत बसवली.

“बाई, एकदा घेऊ. शेवटचं. आणि खांब्या, चुकायचं नाही.”

“अरे पण दम...”

“दम माझा आहे ना? माझं मी बघतो.”

त्या वेळी त्याने जसं वाजवलं तसं मी त्याचं कधी ऐकलं नव्हतं. आवाज लहान, थोडा खरखरीत. मधले श्वास लपवायच्या भानगडीतच तो पडला नाही. भोंगा म्हणून ओळखला जाणारा माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा वाजवत होता, आणि मला तो फार फार आवडला. मग तो लांब सूर आला. चौथ्या मात्रेला खांदा वर गेला. माझं बोट सवयीने भलत्या तारेकडे निघालं होतं. मी ते ओढून जागेवर आणलं आणि बरोबर तेच वाजवलं. पाच. सहा. सातव्या मात्रेला सूर तुटला.

झालं. आठही गेल्या, असं मनात आलं. डोळे भरून आले, पण चुकायचं नाही असं बजावलेलं, म्हणून मी वाजवत राहिलो. त्या सुराच्या खाली माझी एक चाल आहे, हळूहळू उतरत जाणारी. वरच्या आवाजापुढे ती कधी कुणाला ऐकू गेली नाही. आठ, नऊ. कानावर काहीतरी खरडल्याचा आवाज आला. दादा खुर्ची ओढत होता. ती त्याने माझ्या अगदी समोर आणली आणि माझ्याकडे तोंड करून बसला, सॅक्सोफोन आडवा मांडीवर. इतकी वर्षं मी त्याची पाठ पाहत आलो होतो. मी बाराव्या मात्रेपर्यंत गेलो आणि शेवटची तार आपोआप शांत होईपर्यंत तिला हात लावला नाही.

आतून बाईंचा आवाज आला. “सूर सातवर तुटलाय. खुर्चीचा आवाजही आलाय. तो काढता येईल मला. की पुन्हा घेऊया?”

“पुन्हा नको. हेच ठेवा,” दादा म्हणाला.

“आणि बाकीच्या सात?”

“त्याही ठेवा.”

“खुर्ची?”

“असू दे. मी ऐकायला बसलो, त्यात लपवायचं काय?” त्याची छाती अजून वरखाली होत होती. “आता बंद करा ते सगळं.”

दारावरचा लाल दिवा विझला. मी बेस खाली ठेवायला वाकलो, तर त्याने हाताने अडवलं.

“खांब्या, तो शेवट पुन्हा वाजव. मला धाप लागली होती, नीट ऐकू आला नाही.”

तो खुर्चीवर टेकून बसला, आणि मी वाजवला.