तीन दिवसांचे दोरे

हेलिकॉप्टर ओढ्यापलीकडच्या माळावर टेकलं. त्यातून उतरलेला उंच अमेरिकन ओढा ओलांडायला गेला आणि शेवाळलेल्या दगडावरून जो घसरला, तो थेट कमरेइतक्या पाण्यात. गाव सगळं काठावर उभं. हसावं की धावावं, कुणाला कळेना. म्हातारा न्या तोंग मात्र हसला नाही. पडताना पाहुण्याच्या डोळ्यांत उमटलेला दचका त्यानं पाहिला होता. माणूस असा दचकला की त्याचा जीव तिथंच सांडतो, हे त्या डोंगरांतल्या ह्मोंग जमातीच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

लाओसच्या त्या डोंगरांत तेव्हा घरोघरी एकच बोलणं होतं. उत्तरेकडून कम्युनिस्टांची फौज उतरत होती. शेजारची तीन खोरी गेली होती. गावात चाळीस घरं, आणि लोहारानं घडवलेल्या, दारू ठासून उडवायच्या बंदुका बावीस. पूर्वी फ्रेंच आले होते. जेवले, शब्द दिला आणि निघून गेले. आता हा नवा गोरा. नाव वेंडेल. बरोबर दुभाष्या म्हणून प्रासित नावाचा थाई हवालदार.

"मी फक्त बघायला आलोय," ओल्या कपड्यांनी कुडकुडत वेंडेल म्हणाला. "संध्याकाळी परत जाणार. कसलंही वचन देऊ नकोस, असा मला हुकूम आहे."

"बघ म्हणावं, पोटभर बघ," गावचा नाईक चोंग क्वा प्रासितला म्हणाला. "बघण्यानं आमच्या बंदुका लांब होणार असतील तर बरंच आहे."

"ते मागाहून," न्या तोंग म्हणाला. "आधी याचा जीव ओढ्यातून आणायला हवा. हाक मारावी लागेल."

पंचक्रोशीत कुणाचा जीव हरवला, कुणी मेलं, की न्या तोंगला बोलावणं यायचं. हरवलेल्याला हाक गाऊन परत आणायची, मेलेल्याला गाऊनच पूर्वजांची वाट दाखवायची, हे त्याचं काम. गळा आता फाटला होता, पण तो गायला बसला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राही. चोंग क्वा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं म्हाताऱ्याला घरामागं ओढलं.

"दाजी, हाक मारल्यावर मनगटाला दोरे बांधले की तीन दिवस माणसानं डोंगर ओलांडायचा नसतो ना?"

"नसतो. कच्चा जीव वाटेत पुन्हा निसटतो."

"मग नऊ सांगा! नऊ दिवसांत वैरी इथं पोचतो. हा इथं अडकला की त्याचा अख्खा मुलूख त्याच्यामागं धावत येईल."

"हाक म्हणजे काय रानडुकराचा फास आहे?"

"गाव जाईल, दाजी! तुमची नातवंडं जातील!"

नातवंडं अंगणात पाहुण्याच्या बुटांतलं पाणी ओतून खिदळत होती. त्यांच्याकडे बघतच म्हातारा म्हणाला, "आज खोटं गायलो, तर उद्या तू मेल्यावर तुला वाट कुठल्या तोंडानं दाखवू? भलत्याच डोंगरावर जाऊन बसशील."

"बसेन! नाहीतरी तिथं तुमचं गाणं ऐकावं लागणार नाही!" नाईक पाय आपटत गेला.

दाराच्या उंबऱ्याशी वाटीभर तांदूळ, त्यावर उभं अंडं, पेटलेली उदबत्ती. बाहेर तोंड करून न्या तोंग गाऊ लागला. ओढ्यातून ये, थंड दगडावरून ये, इथं चूल पेटलीय, भात शिजलाय, घरी ये. गाणं थांबवून त्यानं म्हशीच्या शिंगाच्या दोन फाळी जमिनीवर टाकल्या. जीव आला तर एक उताणी पडते, एक पालथी. दोन्ही पालथ्या पडल्या. पुन्हा गायला. पुन्हा तेच.

"याचा जीव ओढ्यात नाहीच," म्हातारा म्हणाला. "भिऊन घरी पळालाय. प्रासित, याचं घर कुठं, विचार. आईचं नाव विचार. तिथून इथवरची वाट मला गाता आली पाहिजे."

वेंडेल आधी हसला. मग सांगू लागला, आणि सांगता सांगता आवाज उतरला. आई एडना. नेब्रास्का नावाचा सपाट मुलूख. प्लॅट नावाची उथळ नदी. काठाला मक्याची शेतं.

"तिकडंही मकाच?" म्हातारीकोतारी हसली. "मग आपल्यातलाच की रे हा!"

न्या तोंगनं ती सगळी नावं, न बघितलेली, तोंडात न बसणारी, आपल्या चालीत बसवली. एडनाच्या चुलीपासून ये, प्लॅट नदी उतरून ये, मक्याच्या पातींना हात लावत ये, समुद्रावर ओला होऊ नकोस. म्हाताऱ्याचा सूर असा काही चढला की अंगणातली पोरं चिडीचूप झाली. आईचं नाव आलं, तेव्हा न कळत्या भाषेतसुद्धा त्या धिप्पाड माणसाला ते कळलं. तो मान खाली घालून बसला. शिंगं टाकली. एक उताणी, एक पालथी.

मग घरटी एकेक जण आलं आणि त्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून गेलं. कोपरापर्यंत हात भरला.

"किती दिवस?" प्रासितनं विचारलं. नाईक श्वास रोखून उभा.

"तीन," न्या तोंग म्हणाला.

वेंडेलनं हेलिकॉप्टर परत पाठवलं. यजमानांचा मान म्हणून तीन दिवस काय, राहू, असं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैऱ्याची तीसेक माणसं डोंगराच्या धारेकडे चढून आली. बावीस बंदुका आणि वरून लोटायचे धोंडे यांच्या जोरावर गावानं दुपारपर्यंत धार धरली. हुकूम नव्हता म्हणून वेंडेल दगडाआड बसून बघत राहिला. नाईकाच्या मांडीत गोळी शिरली, तेव्हा मात्र त्यानं धावत जाऊन त्याला पाठीवर घेतलं.

"बघायला आला होतास ना?" पाठीवरून नाईक ओरडत होता. "बघ, नीट बघ! माझी पोरं मागं सरकतायत का, तेवढं सांग!"

एकही सरकलं नव्हतं. वैरी उतरून गेला, पण पुन्हा येणार हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

तीन दिवस भरले आणि चौथ्या दिवशी सकाळी माळावर हेलिकॉप्टर आलं. नाईक अंथरुणावरूनच ओरडला, "दाजी, पाया पडतो! दोरे अजून कच्चे आहेत म्हणा!"

न्या तोंग वेंडेलसमोर जाऊन उभा राहिला. "तीन दिवस झाले. तुझा जीव तुझ्याजवळ आहे. आता तू मोकळा."

प्रासितनं ते सांगितलं. वेंडेलनं विचारलं, "तुम्हाला माझी गरज आहे ना?"

"आहे. फार आहे. पण जीव तुझा आहे. आम्ही तो तुझ्यासाठी बोलावला होता, आमच्यासाठी नाही."

वेंडेल ओढा ओलांडून माळावर गेला, बिनतारी यंत्रावर कुणाशी तरी बराच वेळ बोलला, एकदा हात झाडून भांडलाही. मग पाती फिरली. धुळीचा लोट उठला, हेलिकॉप्टर वर चढलं. बाया डोळे पुसू लागल्या.

धूळ बसली, तेव्हा माळावर तो एकटाच उभा होता. मग ओढ्यापाशी आला आणि या खेपेला रांगत, एकेक दगड हातानं चाचपत, अलीकडे उतरला. तेव्हा मात्र गाव खदखदून हसलं.

दुसऱ्याच दिवशी आकाशातून बंदुका आल्या, महिन्याभरात तांदळाची पोती. पुढच्या सालात त्याच्यासारखे किती आले, किती विमानं आली, गणती राहिली नाही. त्या बलाढ्य देशाच्या कचेऱ्यांत या लढाईत उतरण्याची मोठमोठी कारणं लिहिली असतील. पुढं त्या डोंगरांत जे रक्त सांडलं, त्यात मेलेल्या या गावातल्या कित्येकांना न्या तोंगनं वाट गाऊन दाखवली, आणि त्यातली एकही खोटी नव्हती. पण ह्मोंगांनी पाहुण्याला फसवून थांबवलं असं कुणी म्हणू शकत नाही. हे सांगताना गावातली म्हातारी माणसं आजही पाठ ताठ करून बसतात.

नाईक लंगडत का होईना, बरा झाला. एकदा त्यानं विचारलंच, "दाजी, खरं सांगा. नऊ म्हणाला असतात तर?"

न्या तोंगनं शिंगाच्या फाळी पुसून पिशवीत ठेवल्या.

"तर तो दहाव्या दिवशी गेला असता."