कळंबचं पाकीट

पाचव्यांदा पडदा पांढराफटक झाला आणि बदरुद्दीनने माउस टेबलावर आपटला. इंग्रजीतली तीच एक ओळ वर आली, तिच्याखाली तेच बटण, आणि बटण दाबलं की सॉफ्टवेअर गडप. पत्रिका पडद्यावर दिसायची, वाचता यायची, फक्त प्रिंट म्हणायची खोटी.

"मरायचंच व्हतं तर काल मरायचं," तो कॉम्प्युटरवर खेकसला.

समोर बसलेल्या संपतने मान वर केली. बदरुद्दीन ओशाळला. "तुमाला न्हाई म्हनलो, राव. ह्याला म्हनलो."

संपत डिंगोऱ्याचा. त्याची आई प्रयागबाई जाऊन आज आठवा दिवस. परवा सकाळी घाटावर दशक्रिया, प्रवचनकार ठरलेले, आणि पत्रिका अजून कॉम्प्युटरच्या पोटात. दुपारपर्यंत छापून हातात पडल्या तरच संध्याकाळी गावोगाव वाटता येणार होत्या.

भिंतीकडेच्या बाकावर संपतचा धाकटा भाऊ गोरख पाकिटांवर पत्ते लिहीत होता. कोऱ्या पाकिटांचा ढीग डावीकडे, लिहिलेली उजवीकडे. ज्याचं नाव पत्रिकेत छापलंय त्याला पाकीट जात नाही, घरच्याला कोण निमंत्रण देतं? पाकीट पाहुण्यांना. संपतने घरातून निघतानाच पाकिटांची यादी दिली होती आणि त्या यादीत पहिलंच गाव होतं कळंब.

बदरुद्दीन जुन्नरातल्या या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळापासून हेच करत आला होता. आधी वडिलांच्या हाताखाली, मग एकटा. अर्ध्या तालुक्याच्या भावक्यांची नावं त्याच्या बोटांतून गेली होती. कुणाचं नाव कुणाच्या आधी आलं तर मांडवात तोंडं फिरतील, हे त्याला त्या त्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. त्याचा एक नियम होता: नाव कधी दुसरीकडून उचलून चिकटवायचं नाही, एकेक अक्षर आपल्या हाताने टाइप करायचं. आणि दुसरा त्याहून जुना: यादी येईल तशी छापायची, कोण आहे आणि कोण नाही ते विचारायचं नाही.

सकाळपासून त्याने करायचं ते सगळं केलं होतं. कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. फॉन्ट काढून पुन्हा टाकले. प्रिंटरची वायर उपसून फुंकर मारून खोचली. ज्याने हे सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं त्या मंचरच्या पोराला फोन लावला, तर तो म्हणाला, "चाचा, ते आता कुणी वापरत न्हाई. नवीन घ्या." बदरुद्दीनने फोन ठेवला नाही, दाबून मारला. वीस वर्षं चाललेली वस्तू बिघडली की दुरुस्त करायची सोडून माणसालाच जुना ठरवतात, याचा त्याला मनस्वी संताप यायचा.

"मशीन तापवून ठिवलंय," आतल्या खोलीतून छपाईवाल्या अमृतने आठवण केली.

"मंग त्याच्यावर भाकरी भाज," बदरुद्दीन ओरडला.

शेवटी त्याने पत्रिकेची नक्कल केली आणि तिच्यातली निम्मी नावं पुसून टाकली. प्रिंट दिली. कागद सरळ बाहेर आला.

"माझं नाव कुठं गेलं?" संपत खुर्चीतून उठला.

"येतंय परत. दोष शोधतोय. पुसलेल्या नावांतच खोट हाय कुठंतरी."

"नावात कसली खोट?"

बदरुद्दीनने पुसलेल्यांतली निम्मी परत आणली. बंद पडलं. ती काढून त्यांतली निम्मी आणली. चाललं. सुना राहिल्या, नातवंडं राहिली, पणतू स्वराजसुद्धा राहिला. एक ओळ तेवढी आली की पडदा पांढरा. तिसरी ओळ. मुलगी: सौ. लंकाबाई, कळंब.

आणि तेव्हा बदरुद्दीनला आठवलं. सकाळी गोरखचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला होता, एवढीच ओळ, आणि पुढे हात जोडलेलं चित्र. घाईत होता म्हणून त्याने ती जशीच्या तशी उचलून चिकटवली. चित्रातले हात पुसले गेले असं त्याला वाटलं होतं. पडद्यावर दिसत नव्हते, पण आत तसेच जोडलेले होते आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या घशात अडकले होते. एवढ्या वर्षांचा नियम त्याने एका ओळीसाठी मोडला होता. त्याने स्वतःला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी दिली.

तोवर संपतने ओळ वाचली होती.

"हे कुनी घातलं?"

गोरखचं पेन थांबलं.

"पत्रिकेसाठी मी दिलेल्या नावांत हे नाव न्हवतं," संपत म्हणाला. "हक्कसोडावर सही कर म्हनून दोन वर्सं तिच्या उंबऱ्याला गेलो. न्हाई केली. रानात वाटा पायजे तिला. मंग पावनी म्हनून येऊ दे. काढा ते नाव. बघा, कॉम्प्युटरलासुदिक पटंना."

आता बदरुद्दीनचं डोकं फिरलं. आपल्या चुकीचं खापर कुणी असं सोयीने त्या बाईवर फोडावं, हे त्याला सहन होईना.

"कॉम्प्युटरला काय बी कळत न्हाई. चूक माझी हाय. नाव तुमच्या भावानं दिलंय, ते मी काढनार न्हाई." मग तो बाकाकडे वळला. "आन् तू रं गोरख. मेसेजात हात जोडून काय व्हतंय? तोंडानं बोल की."

गोरखने पाकीट मांडीवर ठेवलं.

"तीन वर्सं आई तिच्याकडं व्हती," तो हळू म्हणाला. "हागनं-मुतनं तिनं काढलं. आपुन दोगं पिशवीत केळी घिऊन जायचो. नाव राहू दे, दादा."

संपतचा चेहरा तांबडालाल झाला. भावाला सोडून तो बदरुद्दीनवर आला.

"तुमी मला शिकवू नका, बदरूभाऊ. मागल्या साली तुमच्या पोरीच्या, अफिफाच्या लग्नाची पत्रिका मी वाचलीय. तुमच्या दिलशादचं नाव व्हतं का तिच्यात?"

दिलशाद बदरुद्दीनची एकुलती एक बहीण. याच दुकानाच्या हक्कसोडाच्या कागदावर तिने सही केली नव्हती. लग्नाला ती आली, पाहुण्यांच्या रांगेत बसली, जेवली आणि अंधार पडायच्या आत मंचरला परत गेली.

"न्हवतं," बदरुद्दीन म्हणाला. "म्हनूनच सांगतोय."

संपत दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. दुसरीकडे जायला वेळ नव्हता, आणि गेला असता तरी गोरख आता गप्प बसणार नव्हता, हे त्यालाही कळलं असावं.

"छापा काय छापायचं ते," तो न वळता म्हणाला.

बदरुद्दीनने ती ओळ मुळासकट पुसली. मग पाठ ताठ करून एकेक अक्षर टाइप केलं, कळा अशा बडवत की टेबल हलत होतं. प्रिंट दिली. कागद सरळ बाहेर आला. तिसरी ओळ जागच्या जागी होती.

तासाभरात अमृतने गठ्ठे बांधून दिले. संपत ते उचलून कुणाकडे न बघता गाडीकडे गेला. गोरखने लिहिलेली पाकिटं गोळा केली, त्यांतलं सगळ्यांत खालचं काढलं आणि कीबोर्डशेजारी ठेवलं.

"हे नको आता," तो म्हणाला, "घरच्याला कशाला पाकीट," आणि भावाच्या मागे निघून गेला.

बदरुद्दीन त्या पाकिटाकडे बघत राहिला. कळंबचा पत्ता गोरखने कसातरी, वाकडातिकडा खरडला होता. मागल्या साली दिलशादचं पाकीट बदरुद्दीनने स्वतः लिहिलं होतं, अगदी वळणदार अक्षरात, शाई पसरू नये म्हणून वर फुंकर घालत.