शेवळ्याचं पान

त्या साली मी कल्याणच्या जंगल कचेरीत हंगामी कारकून होतो. कायम व्हायचं तर साहेबांची एकच अट होती: आषाढ संपायच्या आत दोनशे झाडाझुडपांची यादी, प्रत्येकाचं वर्णन पानावरून. आकार, कडा, शिरा, लव. फुलं काय, आज आहेत उद्या नाहीत, असं साहेबांचं मत होतं. माझंही लगेच तेच झालं.

रानातला चिखल आणि जळवा मला सोसत नाहीत. मी ओट्यावर बसून बाजारवाल्यांकडून पानं मागवायचो आणि लिहायचो. एकशे नव्याण्णव झाली. दोनशेवं पान आणलं रानभाज्या विकणाऱ्या ठमाबाईनं, ठाकुर्लीकडच्या टेकडीवरून. ठिपक्यांचा एकच देठ, वर छत्रीसारखं पसरलेलं पान. नाव म्हणे लोत. मी झोकात लिहिलं, ‘लोत. फूल येत नाही.’ आणि खुशीत तिला सगळी यादी वाचून दाखवली.

शेवळ्याच्या नोंदीपाशी तिनं मला थांबवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘जमिनीतून नुसतं फूल येतं. पान नाही.’ दर ज्येष्ठात खाज मारायला काकडाची आंबट फळं घालून केलेली शेवळ्याची भाजी मी जन्मभर खाल्ली. पान कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे ते नसणारच.

ठमाबाई पोट धरून हसली. मला भयंकर राग आला. त्या रागातच मी तिच्यामागून टेकडी चढलो. तिनं खुरप्यानं एक कांदा उकरला. त्यावर लोताचं कोवळं पान होतं आणि शेजारीच शेवळ्याचा वाळका दांडा.

“आंदी फूल येतं, मंग पान,” ती म्हणाली. “कांदा येकच हाय, दादा.”

म्हणजे दोनशेची झाली पुन्हा एकशे नव्याण्णव. साहेबांना काही कळलं नसतं. पण ठमाबाईला कळलं होतं, आणि ती दर मंगळवारी भाजी घेऊन माझ्या दारात येणार होती. जड हातानं मी लोत खोडला.

एक नोंद का खोडली, असं साहेबांनी विचारलंच. नोकरी गेली असं धरून मी सगळं खरं सांगून टाकलं. साहेबांनी यादी मिटली. मग म्हणाले, “जागा कायम. उद्यापासून रानात जायचं. ती बाई पुढे, तुम्ही मागे. तिलाही दिवसाचा रोज मिळेल. ती सांगेल ते लिहायचं.”

घरी बायकोनं पेढा हातावर ठेवला आणि हुद्दा विचारला.

“ठमाबाईचा कारकून,” मी म्हणालो.