लिंबू पाजलेला कोळसा

मी करवंटीचा कोळसा बोलतोय. दचकू नका, दचकायचं काम सध्या माझ्याकडं आहे. वरकुट्यात जोतीराम मोटार वाइंडिंगवाल्याच्या खोलीत, जुन्या कूलरच्या पंख्यापुढं, मच्छरदाणीच्या दोन जाळ्यांमधे मला कोंबलंय. गेल्या महिन्यात माझ्यावर जे गुदरलं, त्यानं माझी अजून बोबडी वळलेली आहे.

जन्मले तेव्हा मी बाई होते, करवंटी. बारामतीला मार्केट यार्डाजवळ अंजुमभाभींची खानावळ आहे. त्यांनी माझ्यातलं खोबरं खरवडून घेतलं आणि मला पोत्यात टाकलं. मला वाटलं, झालं. आता चुलीत जायचं, राख व्हायचं, भांडी घासायची. तेवढ्यात जोतीराम तिथला मिक्सर दुरुस्त करायला आला आणि म्हणाला, "भाभी, मजुरी ऱ्हाऊ द्या, करवंट्या द्या."

भाभी त्याच्याकडं बघतच राहिल्या. मीही.

कारण होतं घरात. त्याची बायको सारजा दम्याची. खोलीला लागूनच सर्जेराव तात्यांचा उसाचा फड. गेल्या वर्षी तोडणी झाल्यावर तात्यांनी रानात उरलेलं वाळल्या पाल्याचं पाचट पेटवलं आणि सारजा तीन दिवस इंदापूरच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून होती. "पुन्हा असा धूर गेला तर मी खात्री देत नाही," डॉक्टर म्हणाले. आता पुन्हा तोडणी उरकत आली होती आणि येत्या रविवारी तात्या काडी लावणार होते. जोतीरामनं हात जोडून सांगून बघितलं. तात्या म्हणाले, "रान माझं, पाचट माझं, धूर वाऱ्याचा. वाऱ्याला सांग जा."

मग जोतीरामनं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघितला. सारजाला दोन दिवस बहिणीकडं सुप्याला धाडलं. आम्हा करवंट्यांना पत्र्याच्या डब्यात भरलं, झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडलं आणि डबा आगीत ठेवला. आग बाहेर, आम्ही आत, आणि हवा नाही! धड जळता येईना, धड सुटता येईना. आत गेले ती बाई, बाहेर आलो तो बाप्या. असला धक्का तुम्हाला कधी बसलाय?

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण गड्यानं मला खलबत्त्यात कुटलं, चाळलं आणि वर चाळीस लिंबं पिळली! शेजारच्या कुशाबाई ओट्यावर येऊन उभ्या. "आरं, लोनचं घालतूस का काय?"

"मुरू द्या यक दिस, काकू. अंगाला बारीक बारीक छिद्रं पडत्यात. त्यात धुराचा वास आडकतो."

दुसऱ्या दिवशी धुतलं, वाळवलं आणि परत तीन तास भाजलं. इतकी छिद्रं पडली माझ्या अंगाला, की मला आतून उलगडून पसरलं असतं तर अख्ख्या वरकुट्याला पांघरूण झालं असतं. खोटं वाटत असेल तर मोजून या.

आता घोळ ऐका. लिंबं पिळली तो दिवस नेमका अमावस्येचा. व्हिडिओवाले पंचांग बघत नाहीत. त्यातलं एक लिंबू, जोतीरामच्या काळ्या बोटांचे ठसे घेऊन, ओट्यावरून जे गडगडलं ते थेट तात्यांच्या बांधावर. तिथं आधीच एक चुकार करवंटी पालथी पडलेली.

शनिवारी सकाळी तात्या आले. तोंड चुन्यासारखं पांढरं.

"जोतीराम, काय मांडलंयस हे? बांधावर काळं लिंबू, त्येबी अवसेचं! दोन दिस घास उतरंना मला."

"तात्या, करणी न्हाय ती. फिल्टर हाय."

"फिल्टर? कुठल्या देवाचं नाव म्हणायचं हे?"

आदल्या दिवशीच परतलेली सारजा आतून आली. चौकट धरून, थांबत थांबत बोलली. "देव न्हाय, तात्या. तुमचा धूर हाय. गेल्या साली मी जात हुते. म्हणून ह्यांनी कोळशाला लिंबू पाजलं."

तात्या तिच्या गळ्याजवळच्या खळग्याकडं बघत राहिले. प्रत्येक श्वासाला तो आत ओढला जात होता. ती घरघर त्यांनी इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकली असावी. "व्हय?" एवढंच म्हणाले आणि गेले.

रविवारी काडी लागली नाही. सोमवारी ट्रॅक्टरला कुट्टी मशीन लावून तात्यांनी पाचट रानातच बारीक केलं. मी छाती फुगवली. म्हटलं, आपल्यामुळं माणूस बदलला! तर बांधावर कुशाबाईंनी विचारलं तेव्हा तात्या हळूच म्हणाले, "सारजा म्हणती ते खरं आसंल. पर लिंबाशी कशाला खेळा?"

ऐकलंत? आगीत कोंडलो मी, कुटला गेलो मी, आंबलो मी. आणि धूर अडवला कुणी? गडगडलेल्या एका लिंबानं! आता लोक जोतीरामकडं येतात, "आमच्या शेजाऱ्याच्या बांधावरबी यक टाका की." जोतीराम म्हणतो, "लिंबू न्हाय, करवंट्या घिऊन या."

लांबच्या फडांचा धूर अजून येतो. जाळीपुढं जोतीरामनं ताणलेलं सुती कापड काजळी धरतं, वास मी धरतो. सारजा आता दुपारची उशीला टेकून बसत नाही, आडवी होऊन झोपते. मी तिचा श्वास ऐकत राहतो.

पण माझी छिद्रं भरत आलीत. दोनेक महिन्यांत मी नुसता खडा उरेन. तेव्हा माया न करता मला बदला आणि तात्यांच्या रानात, त्या पाचटातच टाका. फक्त एवढं करा: टाकायला अमावस्येला जाऊ नका.