बाबा किडा होतात तेव्हा

हिउमा बेटावरच्या त्या बालवाडीत विर्वेबाईंनी एकतीस वर्षं काढली होती. पालकसभेची धास्ती त्यांनी कधीच घेतली नाही, त्या दिवशी तर मुळीच नाही.

वाद होता चार पिवळ्या किड्यांवरून. चाकांवर चालणारे मुठीएवढे यंत्रकिडे. पाठीवर बाणांची बटणं: पुढे, मागे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. मुलांनी आधी बटणं दाबून सगळी वाट सांगायची आणि मग हिरवं बटण दाबायचं. किडा सांगितलं तेवढंच करणार, जास्त नाही, कमी नाही. सहा-सहा वर्षांची पोरं रोज अर्धा तास त्यांच्यापुढे पालथी पडून डोकं लढवायची.

"हे बंद करा, बाई," हेन्नो म्हणाला. तो मुख्य भूमीकडे जाणाऱ्या फेरीबोटीचा कप्तान. "मी दिवसभर यंत्रांकडेच बघत असतो. पोरांना चिखलात लोळू द्या."

"तुला लोळू दिलं होतं मी," बाई म्हणाल्या. "तुझे बूट तीन-तीन दिवस वाळायचे नाहीत."

पालक हसले. लहानपणी हेन्नो याच वर्गात होता, त्यामुळे त्यालाही हसावं लागलं.

"चिखल आताही रोज दोन तास असतो," बाई पुढे म्हणाल्या. "पण तू म्हणतोस ना, हे नुसतं बटणं दाबणं आहे? मग ये इकडे. तू किडा हो. दारापासून तुझ्या मुलीच्या कोटाच्या खुंटीपर्यंत जायचं. मुलं सांगतील तेवढंच करायचं."

कोपऱ्यात खेळणारी मुलं धावतच आली. हेन्नोची मिर्तेल सगळ्यात पुढे होती. ती खुंटीपाशी जाऊन बाबांकडे तोंड करून उभी राहिली.

"पुढे! पुढे! पुढे!"

हेन्नो तीन पावलं आला. समोर खुर्ची होती. तो सवयीनं बाजूनं निघाला तशी पोरं किंचाळली, "सांगितलं नव्हतं! परत दारात!"

"अरे, खुर्ची आहे ना!"

"किड्याला काय माहीत?" छोटा कास्पर कमरेवर हात ठेवून म्हणाला.

हेन्नो निमूट दारात गेला. या वेळी मिर्तेलनं विचार करून सांगितलं, "दोनदा पुढे. उजवीकडे वळ. पुढे." तो उजवीकडे वळून एक पाऊल गेला आणि थेट बुटांच्या मांडणीवर आदळला. रबरी बूट धडाधड खाली आले. मुलांच्या आया तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

"मिर्तेलच्या बाबांना उजवं कळत नाही!" कुणीतरी ओरडलं.

मिर्तेल हसली नाही. तिनं बाबांकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"बाबांचं बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. "माझं चुकलं. मी समोर उभी राहिले ना, म्हणून माझं उजवं वेगळं आणि त्यांचं वेगळं."

ती तुरुतुरु जाऊन बाबांच्या पाठीमागे उभी राहिली, ते बघत होते तिकडेच बघत. मग एकेक करून सगळं सांगितलं. हेन्नो खुर्चीला वळसा घालून गेला आणि त्याचं नाक बरोबर तिच्या निळ्या कोटाला लागलं.

तो तसाच उभा राहिला. मागे वळला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. "नवीन खलाशांना हेच शिकवताना माझा घसा बसतो, बाई," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्याच्या जागेवरून बघा म्हणून. आणि चूक झाली की आधी आपली शोधा."

"मग? बंद करायचं?"

"कशाला? अर्धा तास आहे तो असू द्या."

पुढच्या आठवड्यात तो एक भलंमोठं ताडपत्रीचं कापड खांद्यावर टाकून आला. त्यावर त्यानं चौकोन आखून दोन बंदरं, बेटं आणि पाण्याखालचे खडक रंगवले होते. मुलांनी किडा बंदरात ठेवला. पहिल्याच फेरीत तो खडकावर चढला. हेन्नोचा हात आपोआप बटणांकडे गेला.

"बाबा, हात मागे," मिर्तेल म्हणाली. "आम्ही शोधतो."

त्यानं हात मागे बांधले. पोरांनी तीन वेळा वाट बदलली. चौथ्यांदा किडा पलीकडच्या बंदराला लागला, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं कप्तानच ओरडला.