मोठा सी की लहान?

देवयानी सबनीसने ती कमांड वाचली नव्हती. त्या दिवशी बरंच काही घडलं, पण पुढे कित्येक महिने तिला छळत राहिली ती हीच गोष्ट.

नोव्हेंबरमधला गुरुवार होता. अकराला दहा मिनिटं कमी असताना ती लीड्समध्ये आपल्या मुलीच्या, अन्वीच्या शाळेत वर्गाबाहेरच्या बुटक्या खुर्चीवर बसून टीचरची वाट बघत होती. तेवढ्यात फोन थरथरला. शशीकाकांनी एक कमांड अप्रूव्हलसाठी पाठवली होती.

शशी टिपणीस तिच्याच टीममधले. वय त्रेसष्ट, काम वेम्बलीतल्या घरून. ख्रिसमसनंतर रिटायर होणार होते. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच तिला या कंपनीत आणलं होतं. कंपनी हॉस्पिटलांच्या रक्तपेढ्यांचं सॉफ्टवेअर चालवायची. कोणत्या पेशंटला कोणतं रक्त चालतं आणि कोणतं मुळीच चालत नाही, याच्या नोंदी क्लाउडमधल्या छत्तीस मशिनांवर होत्या. एका हॉस्पिटलला एक मशीन; शिवाय आधी करून बघायला एक वेगळं टेस्ट मशीन. ही मशिनं टीममधल्या कुणीही कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. घरी बसून कमांड पाठवायची, की मशीनच्या आत बसलेला एक छोटा प्रोग्राम, ज्याला सगळे एजंट म्हणायचे, ती उचलायचा आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवायचा. ॲडमिनिस्ट्रेटरला मशीन ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. म्हणून नियम होता: एकाने लिहायची, दुसऱ्याने वाचून मगच मंजूर करायची.

देवयानीने वरचं वर्णन तेवढं पाहिलं. ‘जुनी सर्टिफिकेट काढणे, फक्त टेस्ट मशीन.’ शशीकाकांची कमांड, त्यात काय बघायचं! वर्गाचं दार उघडलं, टीचरने हसून हाक मारली. देवयानीने अंगठ्याने अप्रूव्ह दाबलं आणि ती आत गेली.

वर्णन बरोबर होतं. खाली कमांडमध्ये मात्र ती कुठल्या मशिनांवर चालवायची ते सांगणारं लेबल ‘लॅब-टेस्ट’च्या जागी नुसतं ‘लॅब’ असं पडलं होतं, आणि ते छत्तीसच्या छत्तीस मशिनांना लागू होतं.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा फोनवर चौदा मिस्ड कॉल होते. कारपार्कमध्ये पोचेपर्यंत तिने शशीकाकांना लावला.

“देवयानी, माझ्या हातून सगळी सर्टिफिकेट गेली,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक तिने कधी ऐकला नव्हता. “सगळ्या हॉस्पिटलांची. प्रोग्राम बंद पडलेत. लॉगइन करून आत जावं तर तेही सर्टिफिकेटशिवाय होत नाही.”

सर्टिफिकेट म्हणजे मशीनचं ओळखपत्र. ते नसलं की हॉस्पिटलचे कॉम्प्युटर त्या मशीनशी बोलायला तयार होत नाहीत, आणि इंजिनियरलाही दार बंद.

“डेटा?”

“डेटाला धक्का नाही. पण नवी सर्टिफिकेट सिक्युरिटीवाल्यांकडून यायला हवीत. तास-सव्वा तास म्हणतायत.”

“एजंट चालू आहे का?”

“आहे. तेवढंच एक भोक उरलंय.”

देवयानीने गाडीतच, मागच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि टीमच्या कॉलमध्ये शिरली. शशीकाका तिथे होतेच, टीमची मॅनेजर हेलनही होती. हेलन एकेका हॉस्पिटलला कळवत होती: कागदावर काम करा, फोन वापरा. बहुतेकांचं तसं निभत होतं. लॅबमध्ये रक्त तपासायची जुनी पद्धत सगळ्यांना येते, फक्त वेळ लागतो.

मग इमर्जन्सी लाइनवर एक कॉल आला आणि हेलनने तो सरळ कॉन्फरन्सला जोडला. यॉर्कशरमधल्या एका हॉस्पिटलातली डॉक्टर होती. मागे पळापळ ऐकू येत होती.

“सिस्टिम केव्हा येणार?” तिने इंग्लिशमध्ये विचारलं.

“लवकरच,” हेलन म्हणाली. “आमची टीम काम करतेय.”

“लवकरच म्हणजे किती मिनिटं?”

देवयानी मध्येच बोलली, “डॉक्टर, मी इंजिनियर आहे, देवयानी सबनीस. एक तास तरी येणार नाही असंच धरून चाला.”

मग पलीकडून एकदम मराठी आलं. “सबनीस? ऐका, मी उल्का राजहंस, ब्लड बँकेची कन्सल्टंट. खरं सांगितलंत, थँक्यू. माझ्याकडे एक बाई आहे, एकोणतीस वर्षांची. बाळ झालं आणि ब्लीडिंग थांबत नाहीये. ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, बेशुद्ध. तिच्या फाइलवर लिहिलंय, रक्तात अँटीबॉडी आहे, तपशील सिस्टिममध्ये बघा. आणि सिस्टिम बंद.”

“ओ निगेटिव्ह देता येत नाही का? ते तर सगळ्यांना चालतं ना?” शशीकाकांनी विचारलं.

“तीच तर भीती आहे. काही अँटीबॉडी अशा असतात की ओ निगेटिव्ह दिलं तर तिचं शरीर तेच रक्त फोडून टाकेल. कोणती आहे ते कळलं तर फ्रिजमधून बरोबर पिशव्या काढते. नव्याने तपासायला पाऊण तास जाईल. तिच्याकडे कार्ड असतं, ते घरी राहिलंय. नवरा आणायला गेलाय, पण घर डोंगरापलीकडे आहे. माझ्याकडे दहा-बारा मिनिटं आहेत.”

देवयानीच्या डोळ्यांपुढे एजंटची खिडकी होती. कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालते, आणि ॲडमिनिस्ट्रेटरला मशीनवरची कोणतीही फाइल उघडता येते. प्रोग्राम बंद असला तरी नोंदी तिथेच होत्या. ती हवी ती ओळ वाचू शकत होती. फक्त पेशंटच्या नोंदींना कंपनीतल्या कुणीही हात लावायचा नाही, असं करारात स्पष्ट लिहिलेलं होतं. नोकरी लागली तेव्हा तिने त्यावर सही केली होती.

तिने ते इंग्लिशमध्ये हेलनला सांगितलं.

“नाही,” हेलन म्हणाली. “थांब. मी लीगलला विचारते.”

“किती वेळ लागेल?”

हेलन दुसऱ्या फोनवर लीगलचा नंबर लावू लागली.

“डॉक्टर राजहंस,” देवयानी म्हणाली, “तुम्ही हॉस्पिटलच्या वतीने मला ही एक नोंद वाचायला सांगताय का? कॉल रेकॉर्ड होतोय.”

“सांगतेय. माझं नाव लिहा, वेळ लिहा.”

“हेलन, हे मी माझ्या नावावर करतेय,” देवयानी म्हणाली. हेलनने तिला थांबवलं नाही.

उल्काने इंग्लिशमध्ये पेशंट नंबर सांगितला. मागे कुणीतरी ओरडत होतं, ट्रॉली आपटत होती. देवयानीने कमांड लिहिली. त्या एका हॉस्पिटलचं मशीन. फक्त वाचायचं, काही बदलायचं नाही. फक्त दोन रकाने: जन्मतारीख आणि अँटीबॉडी.

“काका, वाचा.”

शशीकाकांनी ती मोठ्याने वाचली. एकेक शब्द, एकेक स्वल्पविराम. मशीनच्या लेबलपाशी ते थांबले. “लेबल नको. मशीनचं पूर्ण नाव घाल,” ते म्हणाले. तिने घातलं. त्यांनी पुन्हा वाचलं. “करतो अप्रूव्ह.”

स्क्रीनवर ‘पेंडिंग’ दिसलं. दिसत राहिलं. एजंट काही सेकंदांनी एकदा काम विचारायला येतो हे तिला पाठ होतं, तरी ते सेकंद संपेनात. मग ‘सक्सेस’, आणि खाली एक ओळ.

“जन्म एकोणीसशे एकसष्ट…”

“नाही!” उल्का ओरडली. “एकोणतीस वर्षांची आहे ती! ही ती नाही.”

दुसऱ्याच कुणाची तरी नोंद तिने उघडली होती. तिने अँटीबॉडीचा शब्द तोंडातून काढला असता तर? “नंबर परत सांगा. मराठीत सांगा. एकेक आकडा.”

“सात. शून्य. चार. नऊ…”

“नऊ? मी फाइव्ह ऐकलं.”

“नऊ. नाइन. आठानंतरचा नऊ.”

पुन्हा कमांड. पुन्हा शशीकाकांचं वाचन. या वेळी आकड्यांपाशी ते थांबले आणि उल्काकडून प्रत्येक आकडा वदवून घेतला. पुन्हा पेंडिंग. कॉलमध्ये फक्त हॉस्पिटलच्या एका यंत्राची टिकटिक येत होती.

“जन्मतारीख चौदा मार्च…” तिने वर्षही सांगितलं.

“हीच. अँटीबॉडी?”

“अँटी-सी.”

“मोठा सी की लहान?”

देवयानीला प्रश्न कळलाच नाही. “म्हणजे?”

“दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या! कॅपिटल सी असेल तर ओ निगेटिव्ह चालेल. लहान सी असेल तर तेच मारेल तिला. काय दिसतंय?”

“लहान दिसतोय.”

“दिसतोय की आहे? तुमचं सॉफ्टवेअर सगळंच लहान अक्षरात दाखवत नाही ना?”

तिने स्क्रीनला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं. ‘अँटी’चं ए कॅपिटल होतं, मार्चचं एमही. “नाही. बाकी जिथे हवीत तिथे कॅपिटल आहेत. हा लहान आहे.”

“मशीनमधून जसं आहे तसंच येतं,” शशीकाका म्हणाले. “मी खात्रीने सांगतो, डॉक्टर.”

“लहान सी. ठीक आहे.” फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि उल्काचं लांबून इंग्लिश ऐकू आलं. तिने रक्ताचा एक प्रकार सांगितला, चार पिशव्या, आत्ता, धावत. मग लाइन तुटली.

सर्टिफिकेट यायला एक तास दहा मिनिटं लागली. देवयानी आणि शशीकाकांनी ती आधी एका मशीनवर घातली, हॉस्पिटलला फोन करून चालतंय ना विचारलं, मग दुसरं, मग तिसरं. छत्तिसावं होईपर्यंत शाळा सुटायची वेळ झाली होती. अन्वी गाडीच्या काचेवर टकटक करत होती आणि देवयानीला ते आधी ऐकूच आलं नाही.

उल्काची ईमेल दुसऱ्या दिवशी आली, एका ओळीची. बाई आयसीयूमध्ये आहे, बोलतेय, बाळ बरं आहे.

त्याच दुपारी शशीकाकांनी रिपोर्टचा मसुदा तिला पाठवला. त्यात लिहिलं होतं: चूक पूर्णपणे माझी. देवयानीने फोन उचलला.

“काका, मी अप्रूव्ह केलं ते कुठे गेलं?”

“अगं, मी सहा आठवड्यांनी घरीच बसणार आहे. तुला अजून वीस वर्षं नोकरी करायचीय.”

“मी ती वाचलीच नव्हती.”

“माहितीये. नऊ सेकंदांत अप्रूव्हल आलं. मी वेळ बघितली. मलाही बरंच वाटलं होतं तेव्हा. म्हटलं, पोरीचा विश्वास आहे आपल्यावर.”

तिला रडू आलं. तिने ते दाबलं नाही. “ते नऊ सेकंद मी लिहिणार आहे.”

“मग दोघांचं लिही,” ते शेवटी म्हणाले. “पण माझं आधी.”

चौकशी तीन आठवडे चालली. दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. फोनवरून अप्रूव्ह करायची सोय कायमची बंद झाली. पेशंटची नोंद वाचली ते योग्यच होतं, असं हॉस्पिटलने लिहून दिलं. एकसष्ट साली जन्मलेल्या त्या माणसाला मात्र त्यांनी माफीचं पत्र पाठवलं. त्याची नोंद कुणीतरी बघितली होती, हे त्याला कळायला हवं होतं. देवयानीचे ॲडमिनचे अधिकार तीन महिन्यांसाठी काढून घेतले. हेलनने हे सांगितलं तेव्हा देवयानीने वाद घातला नाही.

शशीकाका ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधीच रिटायर झाले. डिसेंबरमधल्या एका शनिवारी ती ट्रेनने लंडनला गेली आणि त्यांच्या घरी पोचली. त्यांच्या बायकोने, लीलावतीकाकूंनी, पिठलं-भाकरी केली होती. निघताना काका स्टेशनपर्यंत आले. प्लॅटफॉर्मवर त्यांनी विचारलं, “त्या बाईचं नाव काय होतं गं?”

“मला माहीत नाही, काका. मी तो रकाना मागितलाच नव्हता.”

“बरं केलंस,” ते म्हणाले. ट्रेन येईपर्यंत दोघं तसेच उभे राहिले.